जामखेड ते लोहारा, मार्गे बाल्टिमोर

मराठीत एखाद्या गोष्टीला ‘सार्वजनिक’ हे विशेषण लागलं की तिचा भाव उतरतो. सार्वजनिक नळ, सार्वजनिक शौचालय, सार्वजनिक बांधकाम. अपवाद गणपतीचा, आणि त्याचीही मुदत दहा दिवसांची. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यात बीएस्सी होऊन भरतीची वाट बघणाऱ्या कुणा मुलानं ‘सार्वजनिक आरोग्याचा कोर्स लावलाय’ असं घरी जाहीर केलं, तर आईच्या डोळ्यांपुढे आधी फिनेलची बाटली येते. ‘आरोग्य धोरण’ म्हटलं तर आणखी पंचाईत. धोरण ही मुंबई-दिल्लीत ठरणारी आणि लोहाऱ्यात फक्त बदलल्याचं कळणारी वस्तू. ती शिकायची असते हेच नवीन. त्यातून शिकायची मोबाइलवर. ज्या मोबाइलवर काल रात्री क्रिकेट होतं त्याच मोबाइलवर आज अमेरिकेतल्या प्राध्यापक बाई साथीचा आलेख समजावून सांगतायत, हा फरक शेजारच्या खोलीत बसून ओळखू येत नाही. ‘मोबाइलवर काय बघायलास?’ या मराठवाड्यातल्या घरोघरच्या प्रश्नाला ‘एपिडेमिऑलॉजी’ हे उत्तर कितीही खरं असलं, तरी ते ऐकून कुणी शांत झोपायला जात नाही.

तरी सोय झाली आहे, हे मान्य करायलाच हवं. कोर्सेरा २०१२ साली निघालं, आपल्या सरकारचं ‘स्वयम्’ जुलै २०१७ मध्ये आलं आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनंही स्वतःचा ऑनलाइन वर्ग उघडला. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद १९८९ पासून लावून ठेवलं होतं. ती गंगा आता खरोखर घरी येते, फक्त ढग आले की थांबते आणि पडद्यावर गोल गोल फिरत राहते. या शिक्षणाची तऱ्हाही निराळी. इथे गुरुजींना दीडपट वेगानं बोलायला लावता येतं. परीक्षेत नापास झालं तर आठ तासांनी पुन्हा बसता येतं, आणि बरोबर उत्तर दुसऱ्या खेपेला ओळखीचं वाटतं. मुदत उलटली तर ‘मुदत पुढे ढकला’ असं बटण असतं. असं बटण सोसायटीच्या पीककर्जाला असतं तर मराठवाड्याचा इतिहास वेगळा झाला असता. गृहपाठ तपासायला दुसरा विद्यार्थीच असतो. लोहाऱ्यातल्या मुलानं लिहिलेला कुपोषणावरचा निबंध पेरूमधली कुणी मुलगी तपासते आणि तिचा सिगारेटवरचा कर हा मुलगा तपासतो. दोघंही एकमेकांना पूर्ण गुण देतात, कारण दोघांनाही पुढच्या धड्याला जायचं असतं.

भाषा मात्र अडते, आणि ती फक्त इंग्रजी म्हणून अडत नाही. या विषयानं साध्या गोष्टींना जड नावं दिली आहेत. कोर्समध्ये ‘रेफरल पाथवे’ असा एक पूर्ण धडा असतो, त्यात बाण काढलेली आकृती असते. लोहारा तालुक्यात त्याच आकृतीचं दोन शब्दांत भाषांतर झालेलं आहे: ‘सोलापूरला हलवा.’ ‘आउट ऑफ पॉकेट एक्स्पेंडिचर’ म्हणजे सोयाबीन भाव यायच्या आत विकावं लागणं. ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ खर्च मोजताना जगात घरखर्चाचे दहा किंवा पंचवीस टक्के अशी रेघ मारतात. इथे तो गंठण सोनाराकडे गेलं की मोजला जातो, आणि ही मोजणी जास्त अचूक आहे असं माझं मत आहे. ‘स्टेकहोल्डर’ला मराठीत ‘भागधारक’ करतात. उपकेंद्राच्या पायरीवर नर्सबाईंची वाट बघत बसलेल्या गरोदर बाईला कुणी भागधारक म्हणालं, तर लाभांश कधी मिळतो हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. यांत्रिक भाषांतराला ‘व्हेक्टर’ शब्द दिला आणि त्याला नेमकं गणित आठवलं, तर डासाचा ‘सदिश’ होतो. म्हणजे चावतोही आणि दिशाही दाखवतो.

पण ही थट्टा करताना एक गोष्ट लक्षात येते. वरच्या प्रत्येक जड शब्दाची वस्तू लोहाऱ्यात आधीपासून हजर आहे. रसायनशास्त्र शिकायला प्रयोगशाळा लागते, शल्यचिकित्सेला शवागार लागतं, खगोलशास्त्राला निदान दुर्बीण लागते. सार्वजनिक आरोग्य हा असा विषय आहे की ज्याची प्रयोगशाळा उंबऱ्याच्या बाहेरच असते आणि तिची चावी कुणाकडे मागावी लागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की या विषयासाठी लोहारा ही अडचणीची जागा नसून सोयीची जागा आहे. ऑनलाइन कोर्समध्ये खोट असलीच तर ती ऑनलाइन असण्याची नाही, त्यात गाव नसण्याची आहे. ते गाव शिकणाऱ्यानं स्वतः घालायचं असतं. ते घातलं नाही तर सर्टिफिकेट उरतं, ज्याचा उपयोग लिंक्डइनवर अनोळखी माणसांकडून अभिनंदन मिळवण्यापुरता होतो.

हे म्हणणं वाऱ्यावरचं नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ या विषयाची काशी समजलं जातं आणि ऑनलाइन शिकणाऱ्यांचा ओघ तिकडेच असतो. त्यांचा ‘हेल्थ फॉर ऑल थ्रू प्रायमरी हेल्थ केअर’ नावाचा एक कोर्स आहे. तो शिकवणारे प्राध्यापक हेन्री पेरी यांनी ज्या एका प्रकल्पावर अभ्यासपूर्ण लेखन केलं आहे, तो आहे जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकलं आणि १९७० साली जामखेडला येऊन बसलं. गावातल्याच बायका, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभ्या केल्या. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडचं प्रकरण आलं, १९७८ साली अल्मा-अत्याला जगभरच्या सरकारांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा केली, १९७९ साली आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडहून लोहाऱ्याला एसटीनं यायचं म्हटलं तर भूम, धाराशिव, तुळजापूर असं बदलत बदलत दिवस मोडतो. जामखेडची शिकवण मात्र जिनिव्हा, अल्मा-अता, बाल्टिमोर अशी फिरून, इंग्रजी उपशीर्षकं लावून लोहाऱ्याच्या मोबाइलवर उतरते आणि आपण ती परदेशी माल म्हणून डोळे विस्फारून बघतो. हळद पिकवायची आपण आणि ‘टर्मरिक लाटे’ प्यायचा शहरात जाऊन, त्यातलाच प्रकार.

कुणी म्हणेल, मुळात आरोळेच बाल्टिमोरला शिकले, मग श्रेय कुणाचं? श्रेयाचा वाद मला घालायचा नाही, प्रवासाचा क्रम बघायचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही १९८४ साली हॉपकिन्सहून पदव्या घेऊन आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ उभी राहिली. तिथे बाळांच्या न्यूमोनियावर काम करताना प्रश्न आला, की बाळाचे श्वास मोजायचे कसे? मिनिटाला साठच्या वर गेले तर धोका, हे पुस्तकात होतं. पण साठपर्यंत अंक म्हणणंच जिला जमत नाही तिनं मोजायचं कसं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. उत्तर निघालं मण्यांच्या पाटीचं: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळूचं घड्याळ संपलं की मणी बघायचे. पुढे आरोग्यदूत बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची जी देखभाल केली, तिच्यामुळे त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई हेच काम करू लागल्या. साठ ही संख्या बाल्टिमोरला शिकता येते. मण्यांची पाटी तिथे सुचली नसती, कारण तिथे सगळ्यांना मोजता येतं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? धाराशिव जिल्ह्यातच तुळजापूर तालुक्यात अणदूर आहे. तिथल्या संस्थेचं नाव ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’. फोन उचलल्यासारखं वाटतं, पण हॅलो म्हणजे ‘हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन’. म्हणजे ‘आपलं आपण शिकणं’ ही गोष्ट या जिल्ह्यानं पाटीवर लिहून ठेवली, तेव्हा कोर्सेराचा जन्म व्हायचा होता आणि ‘स्वयम्’ हा शब्द फक्त स्वयंपाकात होता. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे गावोगावच्या बायकांना शिकवलं आणि त्यांना ‘भारतवैद्य’ असं भारदस्त नाव दिलं. कोर्सच्या भाषेत त्या ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’. मला भारतवैद्य आवडतं, त्यात पगार नसला तरी रुबाब आहे.

आता या विषयाचा प्रत्येक कोर्स जिथून सुरू होतो तिथे येऊ. १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीट, पटकीची साथ, सहाशेवर मृत्यू. डॉ. जॉन स्नो मयतांची घरं शोधतो, बहुतेक सगळी एका हातपंपाभोवती निघतात, ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला जातो. इथे व्हिडिओत संगीत वाजतं. लंडनकरांना हापशाचा दांडा काढायला समितीपुढे जावं लागलं. आपल्याकडे दांडा आपोआप निघतो आणि बसवायला समिती लागते. पण गोष्टीचा उत्तरार्ध बहुतेक विद्यार्थी दीडपट वेगात घालवतात. दांडा निघाला तोवर साथ ओसरायला लागली होती आणि स्नोचं म्हणणं कुणाला फारसं पटलं नव्हतं. त्याला पुरावा मिळवून दिला हेन्री व्हाइटहेड नावाच्या त्याच वस्तीतल्या तरुण पाद्र्यानं, तोही स्नोला खोटं पाडायला निघाला असताना. तो घराघरांत ओळखीचा होता. कोण कुठलं पाणी प्यायलं, कोण आधी आजारी पडलं, हे त्याला लोक सांगत. हिंडता हिंडता त्याला चाळीस नंबरच्या घरातलं एक तान्हं बाळ सापडलं, ज्याची लंगोटं धुतलेलं पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात जात होतं. साथीचा उगम तो. सिद्धांत स्नोचा, गल्ली व्हाइटहेडची. ऑनलाइन कोर्स आपल्याला स्नो करतो; व्हाइटहेड तो करू शकत नाही, आणि लोहाऱ्यातला मुलगा कोर्स न करताच निम्मा व्हाइटहेड असतो. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे त्याला नको असलं तरी माहीत असतं.

हातपंपाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गंमत. जगभरच्या खेड्यांत पसरलेला ‘इंडिया मार्क टू’ हा पंप युनिसेफच्या मदतीनं सत्तरच्या दशकात तयार झाला, पण त्याचा पूर्वज ‘सोलापूर पंप’ म्हणून ओळखला जातो आणि त्या आधीचा ‘जालना पंप’. म्हणजे पाणी आणि स्वच्छतेच्या धड्यात आफ्रिकेतल्या गावाचा फोटो दिसतो, त्यातल्या हापशाची सोयरीक आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी निघते. आणि असा धडा पूर्ण गुणांनी सोडवलेल्या विद्यार्थ्याला, आपल्या टाकीत टीसीएल पावडर कोण टाकतं, असं विचारून बघावं. जलसुरक्षक नावाचा माणूस गावात असतो, त्याचं हे काम असतं, पावडरीचं पोतं उघडं राहिलं की त्यातला क्लोरिन उडून जातो आणि मग पाण्यात पडते ती नुसती चुनकळी, ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे आणि नाही झालं तर नाही, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवा. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्वच्छतेवरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं आणि सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. फुटबॉलमधलं लाल कार्ड कुणाला मिळालं हे पोरं पाठ सांगतात. गावाला कुठलं मिळालं, हे विचारलं की ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे बोट दाखवतात.

आता आक्षेप. पहिला, की हे कोर्स कुणी पुरे करत नाही. खरं आहे. एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन कोर्सचा २०१२ ते २०१८ चा हिशेब २०१९ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोक कोर्सच्या आत एकदाही डोकावले नाहीत, आणि २०१७-१८ मध्ये शेवटपर्यंत पोचले ते ३.१३ टक्के. पैसे भरलेल्यांत मात्र हेच प्रमाण ४६ टक्के. मराठी माणसाला यात शिकण्यासारखं नवीन काही नाही. फुकटच्या लग्नाला आणि तिकिटाच्या नाटकाला बसण्याची आपली पद्धत वेगवेगळीच असते. पण यावरून कोर्स वाया गेले असं मी म्हणणार नाही. सार्वजनिक वाचनालयातून नेलेली किती पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचली जातात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही म्हणून वाचनालयाची लाज राखली गेली, इतकंच. ज्यानं पाचांपैकी दोन धडे पाहिले आणि ‘दर’ आणि ‘संख्या’ यांतला फरक त्याच्या डोक्यात बसला, तो गावात ‘यंदा डेंग्यूचे पेशंट वाढले’ हे ऐकल्यावर ‘किती लोकांमागे, आणि तपासले किती?’ असं विचारील. एवढं विचारणारा माणूस पूर्ण पदवी घेऊन गप्प बसणाऱ्यापेक्षा साथीच्या दिवसांत उपयोगी.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा, आणि तो मोबाइलच्या वकिलांना गप्प करणारा आहे. आरोग्य मोबाइलवर शिकून उद्या हे लोक सुया टोचायला लागले तर? धास्ती खोटी नाही. आधीच प्रत्येक गावात यूट्यूब बघून औषध सांगणारा एक जण असतो आणि त्याची फी नसल्यानं गर्दी असते. विद्यापीठ अनुदान आयोगानंही २०२५ मध्ये मानसशास्त्र, पोषणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारख्या विषयांचं ऑनलाइन आणि दूरस्थ शिक्षण आरोग्यसेवेच्या पदव्यांपुरतं बंद केलं, आणि ते योग्यच झालं. ज्याचा हात रोग्याच्या अंगाला लागणार त्यानं तो हात कुणाच्या तरी नजरेखाली तयार करायला हवा. पण धोरणाच्या अभ्यासकाचा हात रोग्याला लागत नाही, तो लागतो कागदाला. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सपाट भागाचा निकष आहे. आपल्या तालुक्याच्या लोकसंख्येला त्यानं भागून किती यायला हवीत आणि आहेत किती, हे काढायला सुई लागत नाही. भागाकार लागतो. तो शाळेतच झालेला असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत मराठी आहे: पण आपल्याला विचारतंय कोण? धोरण वरून येतं, आपण खाली असतो, मध्ये तहसील. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सांगितलं, की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के भरला. लोहाऱ्यातल्या मुलाला हे कळून तो काय करणार? बरोबर, काही नाही. पण धोरणाचं दुसरं टोक त्याच्या हाताला लागण्याएवढं जवळ आहे, आणि ते या जिल्ह्यात आधी ओढून पाहिलेलं आहे. २००७ साली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, ती पहिल्यांदा पाच जिल्ह्यांत: अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद. गावातल्या लोकांनी दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं, हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचं. ज्या डॉक्टरसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचले त्यांचा रिपोर्ट गावानं वाचायचा, यात एक काव्यगत न्याय होता. हा आरोग्य धोरणाचा कोर्सच होता, फक्त त्यात लॉगिन नव्हतं. तेव्हा या जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, आता धाराशिव आहे. प्रगतिपुस्तकं जुन्या नावानं कुठल्या तरी कपाटात असतील, ती शोधणं हा कुठल्याही विद्यापीठानं मान्य करावा असा प्रबंध आहे.

तेवढा वेळ नसेल तर याहून सोपं काम आहे. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. नाव एवढं लांब आहे की म्हणता म्हणता सभा संपावी. तिला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे. दहा हजारांत काय होतं, असं विचारणाऱ्यानं डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे फुकट मिळतात हे आधी ध्यानात घ्यावं. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत अनुदानातला ६० टक्के भाग तर पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. ही दोन वाक्यं ज्याला पाठ आहेत आणि जो ती योग्य वेळी, योग्य माणसासमोर, भांडण न करता म्हणू शकतो, त्यानं आरोग्य धोरणाचा पहिला पेपर सोडवला असं समजायला हरकत नाही. यातलं ‘भांडण न करता’ हे कुठल्याच ऑनलाइन कोर्समध्ये नाही, ते आमच्याकडे ऑफलाइनही फारसं उपलब्ध नाही.

नोकरीचं काय, हा चौथा आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याला माझ्याकडे हसवणारं उत्तर नाही. नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटावर लोहाऱ्यात नोकरी लागत नाही. कोर्सच्या जाहिरातीत दिसणारा ‘ग्लोबल हेल्थ’मधला हसरा माणूस बहुधा जिनिव्हात असतो, आणि तो हसतो कारण त्याला पगार असतो. इकडे आशाताई मोबाइलवर माहिती भरते, मोबाइलवरच प्रशिक्षण घेते आणि मोबदल्यासाठी मोर्चाला जाते. या विषयाचं सगळ्यांत जास्त प्रात्यक्षिक केलेली बाई तीच आहे. कोर्स करणाऱ्यानं निदान एक दिवस तिच्या मागे फिरावं, तिची वही बघावी. कंटेनर सर्वे म्हणजे काय, कोरडा दिवस पाळला का हे विचारल्यावर लोक काय उत्तर देतात, रांजण उलटा करायला सांगितला की सासू कशी बघते, हे तिला विचारावं. त्या उत्तरांना सर्टिफिकेट नाही, पण कोर्सच्या गृहपाठात घातली तर पेरूमधली मुलगी ती दोनदा वाचेल.

एका धड्याबद्दल मात्र थट्टा करवत नाही. आपत्ती आणि आरोग्य हा धडा बहुतेक कोर्समध्ये असतो आणि त्यात हैती असतं, त्सुनामी असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जे झालं त्यात आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर उद्ध्वस्त झालं. किल्लारीचं नाव भूकंपाला मिळालं, सास्तूरच्या वाट्याला मातीचे ढिगारे आले. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. आज सास्तूरला सरकार आणि सेवाभावी संस्थेच्या भागीदारीत चालणारं ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय आहे. त्या रात्रीनंतर पिण्याचं पाणी कितव्या दिवशी आलं, तात्पुरत्या शेडमध्ये बाळंतपणं कुणी केली, नव्या घरांत आधी काय बांधायला हवं होतं, हे सांगू शकणारी माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. हैतीचा धडा सर्व्हरवर राहील. ही माणसं राहणार नाहीत, आणि त्यांची तोंडी परीक्षा घेणारा विद्यार्थी लोहाऱ्याहून सास्तूरला वीस-पंचवीस मिनिटांत पोचतो.

तेव्हा कोर्स करावाच. स्नो समजून घ्यावा, दर आणि संख्या यांतला फरक शिकावा, पेरूला पूर्ण गुण द्यावेत. मात्र शेवटचा गृहपाठ परदेशी पाठवण्याआधी गावात दाखवावा. लोहारा शहराला आता नगरपंचायत आहे, त्यामुळे तिथे ग्रामसभा नाही. पण सास्तूर, जेवळी, माकणी, अचलेर इथे वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. कोर्सची मुदत बटण दाबून पुढे जाते, ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते आणि ती बोर्डावर इतर नोटिसांखाली असते. गावाच्या पाण्याला कुठलं कार्ड मिळालं आणि समितीचा अबंधित निधी कशावर खर्च झाला, हे दोन विषय विषयपत्रिकेवर घ्या, असा साध्या कागदावर अर्ज लिहून त्याआधी ग्रामसेवकांकडे द्यावा. ते आता ग्रामपंचायत अधिकारी झालेत, तेव्हा पदनाम नीट लिहावं. आणि पोच घ्यायला विसरू नये, तारखेसह.